सुरी कुणाच्या हाती

मिरज, रविवार

चि. मृणाल,



तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यापाशी तशीच उभी होते. ऑफिसला निघायच्या आधी चारदा संडासला पळायचं, बसमध्ये बसलं की पोटात कळ, आणि दोन वर्षं तू घरात कुणाला बोलली नाहीस! तपासण्या झाल्या, दुर्बीण झाली, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे चिडकं आतडं, म्हणून सांगितलं, गोळ्यांनी चार दिवस बरं, पुन्हा तेच. आता मैत्रिणीने एक संमोहनतज्ज्ञ सुचवलाय आणि मावशी हसेल याची तुला भीती. मी हसणार नाही. ३६ वर्षं सिस्टर म्हणून ऑपरेशन थिएटरात काढलीत. मनाचं आणि पोटाचं किती सूत असतं ते टेबलाशेजारी उभं राहून पाहिलंय.

उलट तुझ्याच दुखण्याला या उपचाराचा चांगला आधार आहे. मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्होरवेल यांनी १९८४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ३० रुग्णांचा अभ्यास छापला. सगळे औषधांना दाद न देणारे. काहींना संमोहन दिलं, बाकीच्यांना समुपदेशन आणि दिखाऊ गोळी. संमोहनवाल्यांना उतार पडला तो ठळक होता. इंग्लंडच्या आरोग्यखात्याची ‘नाइस’ ही संस्था आता वर्षभर औषधं घेऊनही गुण न आलेल्या आयबीएसच्या रुग्णांसाठी संमोहनाचा विचार करायला सांगते. तेव्हा संमोहन घ्यावं की नाही, यावर मी वाद घालणार नाही. कुणाकडून घ्यायचं, एवढंच बोलू.

त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगते. १८४५ साली बंगालात हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन होता. क्लोरोफॉर्म अजून यायचा होता. शुद्धीतल्या माणसाला चारजणांनी धरायचं आणि कापायचं, अशी तेव्हाची रीत. याने मेस्मेरिझम, म्हणजे संमोहनाचंच जुनं रूप, वापरून रोग्यांना गुंगी आणली आणि शेकडो शस्त्रक्रिया केल्या, त्यात हत्तीरोगाच्या मोठमोठ्या गाठीही होत्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्यासाठी वेगळं इस्पितळही निघालं. आता यातली गंमत बघ. रोग्याच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरवत बसायचं काम एस्डेल लवकरच आपल्या हाताखालच्या देशी मदतनिसांवर सोपवायला लागला. त्यांनाही ते छान जमलं. सुरी मात्र सर्जनच्याच हातात राहिली.

मला वाटतं, सगळं त्यात आलं. गुंगी आणणं ही हातोटी आहे, चार दिवसांत शिकता येते. म्हणून तर शनिवार-रविवारचे कोर्स निघालेत आणि भिंतीवर सोनेरी कडांची प्रमाणपत्रं लटकतात. ‘संमोहनतज्ज्ञ’ अशी पाटी लावायला आपल्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. तेव्हा तू संमोहनवाला शोधू नकोस. आयबीएस आणि त्यामागची धास्ती संमोहनाशिवायही हाताळू शकेल असा माणूस शोध, आणि त्याला संमोहनही येतं का ते विचार. मनोविकारतज्ज्ञ असेल तर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा सीआरआर नंबर. खुशाल मागायचा. खरा माणूस रागावत नाही.

आणि फोनवरच एक प्रश्न टाक: ‘मला संमोहन लागलंच नाही, तर काय कराल?’ सगळ्यांना ते सारखं लागत नाही. कुणी पटकन खोल जातं, कुणी अजिबात नाही, आपण बहुतेक मधले. ज्याला उपचार येतात त्याच्याकडे याचं उत्तर असतं. ज्याला फक्त हातोटी येते तो म्हणतो, ‘असं आजवर झालंच नाही.’ मग फोन ठेवून दे.

माझंही सांगते, कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझे काका गेले त्या वर्षी माझी झोप उडाली होती. शेजारणीने एकाकडे नेलं. नाव-गाव राहू दे. मंद दिवा, उदबत्ती, रेकॉर्ड केलेली बासरी. तिसऱ्या बैठकीत मी मागच्या जन्मात गेले म्हणे, आणि नदीत बुडणारा माणूस मला दिसला. दिसला खरंच, त्याची चप्पलसुद्धा दिसली! घरी येऊन ढसाढसा रडले. नंतर कळलं की संमोहनात माणूस जे आठवतो ते जास्त खरं नसतं. त्याला त्याची खात्री मात्र जास्त वाटते. नदीबद्दल तो माणूस मला आधीच दोनदा विचारून बसला होता. चौथ्या बैठकीत त्याने बीपीची गोळी सोडायला सांगितली, तेव्हा माझ्यातली सिस्टर जागी झाली आणि मी उठले. झोप पुढे आली ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतल्यावर.

म्हणून मागचा जन्म, ‘दडलेली आठवण’, गोळ्या बंद, शंभर टक्के गॅरंटी यातलं काहीही कानावर आलं की चप्पल घालायची. तू संमोहनात झोपलेली नसतेस, ऐकू येत असतं, वाटेल तेव्हा डोळे उघडून उठता येतं. हे उपचार करणाऱ्याने पहिल्याच दिवशी तुला सांगायला हवं. त्याआधी तुझे रिपोर्ट वाचायला हवेत, तुझं जेवणखाण, पाळी, नोकरी सगळं विचारायला हवं. पहिल्याच भेटीत गादीवर आडवं करणारा मला चालणार नाही. आणि घरी रोज ऐकायला तो काही सराव देतो का तेही बघ. पोटासाठीच्या या उपचारात निम्मं काम घरीच होतं.

बारा बैठकांचं पॅकेज आधीच भरा, असं तुला सांगितलंय ना? भरलं नसशील तर भरू नकोस. भरलं असशील तर पावती जपून ठेव, मी शनिवारी कोयना एक्सप्रेसने येतेय. पहिल्या भेटीला बरोबर येईन आणि बाहेर बाकावर बसेन.

तुझी,
मावशी