*केंद्र कर्मचारी पाठ : आवक सुरू होण्याआधी ओलावा मोजण्यात हात बसवा*



सोयाबीनची काढणी तोंडावर आली आहे. ट्रॉल्यांची रांग लागली की शिकायला वेळ मिळत नाही. म्हणून आजचा पाठ संकलन केंद्रावर काम करणाऱ्यांसाठी. सभासदांनीही वाचावा, म्हणजे आपला माल कसा तपासला पाहिजे ते कळेल.

*आधी पैशाचं गणित*
१२ टक्के ओलावा धरून वजन लावायचं असेल, तर १४ टक्क्यांच्या मालात क्विंटलमागे घट २ किलो नाही, २ किलो २७० ग्रॅम येते. १०० किलोत सुका भाग ८६ किलो. तेवढाच सुका भाग १२ टक्के ओलाव्याला ९७.७३ किलो भरतो.
सूत्र : वजन × (१०० − ओलावा) ÷ ८८

मीटर वाचताना एका टक्क्याची चूक झाली तर २० क्विंटलवर जवळपास २३ किलोचा फरक पडतो. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं हे १,२०० रुपयांच्या वर जातं. जास्त वाचलं तर शेतकऱ्याच्या खिशाला चाट. कमी वाचलं तर ओला माल थप्पीत जाऊन गरम होतो, बुरशी धरतो.

*सराव १ : नमुना*
पोत्याच्या तोंडाशी मूठ भरून घेऊ नका. परखी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी घाला. ट्रॉलीत मोकळा माल असेल तर चार कोपरे आणि मधला भाग, तेही खोलवर. सगळं ताडपत्रीवर मिसळा, ढीग सपाट करा, चार भाग करा. समोरासमोरचे दोन घ्या, दोन बाजूला काढा. पुरेसा लहान नमुना होईपर्यंत असंच करत राहा.

*सराव २ : मीटर*
• मीटर सोयाबीनवरच लावलाय ना, ते आधी बघा. बॅटरी तपासा.
• काडीकचरा, माती चाळून काढा.
• उन्हातून आलेला गरम दाणा सावलीत निवू द्या. नुकताच वाळवलेला दाणा वरून कोरडा, आतून ओला असतो; मीटर कमी दाखवू शकतो.
• एकाच नमुन्याचे तीन आकडे घ्या, सरासरी काढा.

आता दोघांनी एकमेकांना न सांगता तोच नमुना मोजा. अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त फरक आला तर चूक कुठं झाली ते शोधा आणि पुन्हा मोजा. असे दहा नमुने झाले की हात बसतो.

*सराव ३ : बोलणं*
एकानं शेतकरी व्हा, दुसऱ्यानं कर्मचारी.

“अरे, घरी दातानं फोडून बघितला, कडक होता दाणा!”
“काका, इकडं मीटरजवळ या. तिन्ही आकडे तुमच्यासमोर घेतो. पटलं नाही तर तुम्ही सांगाल त्या पोत्यातून परत नमुना काढू.”

आवाज चढवायचा नाही, “मीटर दाखवतो तेच खरं” म्हणून विषय तोडायचा नाही. आकडा मोठ्यानं सांगा, पावतीवर लिहा. उरलेला अर्धा नमुना हवाबंद पिशवीत नाव आणि तारीख टाकून पैसे जमा होईपर्यंत ठेवा. वाद झाला तर तोच कामी येतो.

*मर्यादेबद्दल*
हमीभाव खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारनं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. त्या भरवशावर राहू नका. यंदाचा आदेश वाचूनच शेतकऱ्याला सांगा.

*स्वतःची परीक्षा*
१५ टक्के ओलाव्याचा १० क्विंटल माल. १२ टक्क्यांना वजन किती? कागदावर करा, मग खाली बघा.
(उत्तर : ९६५ किलो ९०० ग्रॅम)

*सभासदांनो,* तिन्ही आकडे बघायचा हक्क तुमचा आहे. बिनधास्त मागा.

शंका असेल तर केंद्रप्रमुखांना विचारा. पुढचा पाठ : वजनकाटा रोज सकाळी कसा तपासायचा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी