पंचाचे मन स्थिर कसे राहील?



आपल्या भागाला कुस्तीचे वेड जुने आहे. महाराष्ट्र केसरी स्पर्धा २००५ साली इंदापूरला आणि पुढच्याच वर्षी बारामतीला भरली होती. सईद चाऊस व अमोल बुचडे हे विजेते आजही पुष्कळांना आठवतात. त्या कुस्त्यांचे पंच कोण होते, हे मात्र क्वचितच कोणी सांगू शकेल. पंचाची चर्चा होते ती बहुधा वाद झाल्यावर.

असा वाद २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला झाला. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. राक्षे यांना तो मान्य नव्हता. रागाच्या भरात त्यांनी पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. निकाल बरोबर की चूक, यात आपण पडायला नको. पण जत्रेच्या आखाड्यात किंवा शाळेच्या कबड्डीत आपल्यातलेही काही जण पंच म्हणून उभे राहतात. चारचौघांत असा अपमान झाला तर त्यांनी काय करावे?

प्रमुख याजकासमोर प्रभू येशूला एका शिपायाने चपराक मारली (योहान, अध्याय १८). प्रभूने उलट हात उगारला नाही. पण तो गप्पही बसला नाही. माझे काय चुकले ते दाखव, असे त्याने शांतपणे विचारले. पंचानेही आवाज न चढवता प्रमुख पंचांकडे तक्रार करावी, नियमाप्रमाणे कारवाई होऊ द्यावी. सोसणे म्हणजे गैरवर्तनावर पांघरूण घालणे नव्हे.

रागापेक्षाही भीती पंचाला लवकर पाडते, असे आम्हांला वाटते. पिलाताचे पाहा. येशू निर्दोष आहे हे त्याला कळले होते. गर्दीचा आरडाओरडा वाढला आणि निकाल फिरला. मग हात धुण्यासाठी पाणी मागवले! जत्रेत हलगी कडाडत असते, निम्मी गर्दी एकाच तालमीची असते, ‘एवढा पॉइंट देऊन टाका’ म्हणणारे ओळखीचेच असतात. तिथे पंचातला पिलात जागा होतो. आणखी एक मोह भरपाईचा. आधी एकावर अन्याय झाला असे वाटले, म्हणून पुढचा गुण त्याला द्यायचा. यात दया दिसते, पण दुसऱ्याचा हक्क जातो. निर्गमाच्या २३व्या अध्यायात न्याय करताना बहुमतामागे जाऊ नये, आणि गरिबाचीही बाजू घेऊ नये, असे बजावले आहे, ते यासाठीच.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, माणसे निवडून काम वाटून देण्याचा सल्ला दिला होता. गादीवरही रेफरी, जज आणि मॅट चेअरमन असे तिघे असतात. गुणाला दोघांची संमती लागते. शंका आली तर सोबत्याकडे पाहण्यात कमीपणा नाही. कुस्तीआधी क्रुसाची खूण करावी आणि दोन्ही पैलवानांची नावे घेऊन प्रार्थना करावी. ज्याचे नाव प्रार्थनेत घेतले त्याच्यावर डूख धरणे अवघड जाते.

घरी गेल्यावर रात्री मोबाईलवर तीच कुस्ती पुन्हा पुन्हा पाहत बसू नये. नजरचूक हे पाप नव्हे. भीतीने किंवा ओळखीने जाणूनबुजून दिलेला निकाल मात्र पापनिवेदनात सांगावा, आणि जमल्यास त्या पैलवानालाही भेटून यावे.