कंबर कामावर दुखते, तर उपचारही कामावरच हवा

हजेरी चौकीवर गेलो की पहिली विनंती ठरलेली असते, "सिस्टर, एक सुई मारा, आजचा दिवस निघू दे." दवाखान्यात नोकरीला होतो तेव्हा डॉक्टरांनी लिहिलेली अशी सुई आम्हीही टोचत होतो. दुखणे दोन दिवस गप्प बसायचे. ती बाई पुन्हा तसेच वाकून तोच रस्ता झाडायची आणि आठवड्यात परत दारात उभी राहायची. तिचे काम आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

मग पाहायला गेलो. खराटा आखूड, म्हणून कंबर तासन् तास वाकलेली. कचऱ्याचा डबा उचलताना गुडघे ताठ आणि अंग एका बाजूला पिळलेले. ढकलगाडीचे एक चाक जाम, म्हणून सगळा जोर एकाच खांद्यावर. वाकून आणि वळून ओझे उचलले की मणक्यांमधल्या चकत्यांवर फार दाब येतो. तीच हालचाल रोज शेकडो वेळा केली की स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो ती जागा दुखावते. तिला भरून यायला उसंतच मिळत नाही.

फिजिओथेरपी म्हणजे फक्त शेक आणि मशीन नव्हे. कोणता स्नायू कमजोर झाला, कोणता व्यायाम करायचा, ओझे कसे उचलायचे, अवजारात काय बदलायचे, हे सगळे त्यात येते. म्हणून ती कामाच्या जागी झाली तर जास्त उपयोगी पडते. शिवाय दवाखान्यात जायचे तर खाडा होतो, रोज बुडतो.

एका चौकीवरच्या ताईंना केस विंचरायलाही हात वर नेता येत नव्हता. "दुखतंय म्हटलं तर ठेकेदार उद्या दुसरीला उभी करील," म्हणून त्या गप्प होत्या. आम्ही मुकादमांशी बोलून हजेरीनंतरची पंधरा मिनिटे मागून घेतली. फिजिओथेरपिस्ट मॅडम चौकीवर येऊ लागल्या. खराट्याला छातीपर्यंत पोहोचेल असा बांबू बांधला, गाडीचे चाक दुरुस्त करून घेतले. तीन महिन्यांनी ताई स्वतःचा अंबाडा स्वतः घालू लागल्या. खांदा पूर्ण बरा झालेला नाही, पण काम सुटले नाही.

रोज एवढे करा :

१. वाकून काम झाले की सरळ उभे राहा, कमरेवर हात ठेवून हळूच मागे झुका. पाच वेळा.

२. दोन्ही खांदे मागे ओढा, पाच अंक मोजा, सोडा. दहा वेळा.

३. ओझे उचलताना पाय थोडे फाकवा, गुडघ्यात वाका, ओझे पोटाशी धरा आणि पायांच्या जोरावर उठा. वळायचे असेल तर पावले वळवा, कंबर पिळू नका. जड डबा दोघींनी धरा.

व्यायामाने कळ पायात उतरली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. दुखण्याच्या गोळ्या मनाने रोज घेऊ नका. त्यांनी पोटात अल्सर होतो, किडनीलाही इजा होते.

आता हक्काचे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखली गेली आणि १९४८ साली ईएसआयचा कायदा झाला. तुमच्या आस्थापनेला ही योजना लागू असेल आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यात तुमच्यावर आणि कुटुंबावर उपचार होतात. पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. पगाराची पावती आजच काढून पाहा. पैसे कापले जातात पण कार्ड मिळालेले नाही, असे असेल तर ठेकेदाराकडे कार्ड मागा.

एकटीने मागायला भीती वाटते, हे आम्ही जाणतो. म्हणून लांब दांड्याचा खराटा, चालणारे चाक आणि व्यायामाची पंधरा मिनिटे, एवढ्या तीन मागण्या एका कागदावर लिहा. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पोच घेऊनच अर्ज द्या.