दुष्काळानंतरचा अर्थसंकल्प : मजुरीतून मत्ता

एखादे राज्य आर्थिक संकटातून सावरू लागते तेव्हा त्याच्या अर्थसंकल्पापुढे अवघड प्रश्न उभा राहतो. महसूल घटलेला असतो आणि मदतकार्यावरील खर्च वाढलेला असतो. अशा वेळी हात आखडता घ्यावा, की उत्पादक कामांवरील गुंतवणूक चालू ठेवावी? महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळानंतर या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याचा अभ्यास आजही उद्बोधक आहे.

दुष्काळी कामांचा धडा

१९७० पासून लागोपाठ पावसाने ओढ दिली आणि १९७२-७३ मध्ये संकट शिगेला पोहोचले. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. या कामांनी असंख्य कुटुंबे तगली. परंतु जेथे आराखडे तयार नव्हते, तेथे खडी फोडण्यावाचून दुसरे काम देता आले नाही. मजुरी हाती आली, तरी गावाच्या पदरी कायमस्वरूपी मत्ता पडली नाही.

निधीची तरतूद

पाऊसपाणी सुधारल्यावर कामे बंद करणे सोपे होते. राज्याने तसे न करता वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आखलेली रोजगार हमी योजना पुढे नेली. १९७५ च्या कायद्यान्वये व्यवसाय कर बसविण्यात आला. या व अन्य विशेष करांच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. शहरातील नोकरदार व व्यापारी यांच्या करातून खेड्यातील बांध उभा राहू लागला. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता, असा हक्क ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीस मिळाला.

या व्यवस्थेचा एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे. अवर्षणात कामाची मागणी वाढते, तसा खर्च वाढतो. पेरणी-कापणीच्या दिवसांत मागणी ओसरते, तसा खर्चही ओसरतो.

मत्ता कोणाची?

पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती, वनीकरण ही योजनेची प्रमुख कामे होत. पाझर तलावामुळे खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी वाढते. मात्र तो लाभ विहीर असणाऱ्यास मिळतो. तलाव खोदणाऱ्या भूमिहीनास केवळ मजुरी मिळते. खर्चाचा मोठा हिस्सा अकुशल मजुरीवर व्हावा, हा नियम मजुरांच्या हिताचाच होता. पण त्यामुळे मोऱ्या व पक्के बांधकाम यांना निधी अपुरा पडे, आणि मातीचे रस्ते पावसात वाहून जात. तलावातील गाळ काढण्याची तरतूद नसेल, तर काही वर्षांत गुंतवणूक गाळाखाली जाते.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य

२००५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा कायदा संमत केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव देशापुढे होता. कामाची निवड करताना ग्रामसभेने तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. हे काम पूर्ण होण्याइतका निधी आहे काय? त्याचा लाभ भूमिहीनांपर्यंत कसा पोहोचेल? पुढील दहा वर्षे त्याची देखभाल कोण करील? या प्रश्नांची उत्तरे आराखड्यातच असतील, तर पुढच्या अवर्षणात केवळ खडी फोडण्याची पाळी गावावर येणार नाही.