घर बदलताय? मग आधी वायर बघा!

मित्रहो, हॉस्टेलचे नेट म्हणजे मेसच्या जेवणासारखे. रोज नावे ठेवायची आणि रोज तेच वापरायचे! पण फायनल इयरला चौघांनी मिळून फ्लॅट घेतला की प्रश्न पडतो, कनेक्शन कुणाचे घ्यायचे?

आम्ही हा प्रश्न पाच मिनिटांत सोडवला होता. जिन्यात '१०० टक्के फायबर' असा बोर्ड लावलेला, आणि सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर एक महिना फ्री. भरले! पहिला महिना झकास गेला. मग एका कंपनीची ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्ट आली. रूममेट टेस्टला बसला आणि निम्म्यात लाईट गेली. घरात इन्व्हर्टर होता, राउटरचे दिवे चालू होते, पण नेट गायब! मोबाईलचा हॉटस्पॉट लावेपर्यंत तो टेस्टमधून बाहेर फेकला गेला. पुन्हा आत घेतलेच नाही.

दुसऱ्या दिवशी वायरचा माग काढत आम्ही गच्चीवर गेलो. फायबर केबल तिथेच एका पेटीत संपत होती. पेटीत एक स्विच, त्याला बिल्डिंगची लाईट, आणि तिथून आमच्या खोलीपर्यंत साधी लॅन केबल. लाईट गेली की स्विच बंद, म्हणजे सगळी बिल्डिंग बंद. आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, पण बोर्ड वाचला, वायर बघितली नाही! तुमचे तसे होऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

१) फायबर नक्की कुठपर्यंत?

हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. खऱ्या घरपोच फायबरमध्ये काचेची तार थेट आपल्या खोलीतल्या डब्यापर्यंत (त्याला ओएनटी म्हणतात) येते. वाटेत असतो तो फक्त स्प्लिटर, म्हणजे प्रकाश वाटून देणारा भाग. त्याला वीज लागत नाही, म्हणून या पद्धतीचे नाव 'पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क'. कंपनीच्या टोकाला बॅटरी आणि आपल्या घरी इन्व्हर्टर असेल तर मधल्या रस्त्यावर अंधार असला तरी नेट चालते. तेव्हा विचारा, "घरात फायबर येणार की लॅन केबल?" आणि शेजाऱ्यांना विचारा, "लाईट गेल्यावर नेट राहते का?"

२) किती जणांत वाटून?

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका फायबरवर खाली येणारा वेग सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारा सुमारे १.२५ जीबीपीएस असतो. हा साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ७८ एमबीपीएस! अर्थात सगळे एकदम वापरत नाहीत, या भरवशावरच धंदा चालतो. मेसमध्ये सगळे एकदम आठ वाजता आले तर काय होते ते आपण जाणतोच. म्हणून स्पीड टेस्ट दुपारी नको, रात्री नऊ ते अकरामध्ये शेजाऱ्याकडे जाऊन करा. तीही वाय-फायवर नको, लॅन केबल लावून करा. नाहीतर भिंतीचा दोष कंपनीच्या माथी मारला जातो.

३) सिग्नलचे गणित

समजा कंपनीच्या टोकाला प्रकाशाची पॉवर ३ डीबीएम आहे. १:३२ स्प्लिटरमध्ये सुमारे १७ डीबी जातात, पाच किलोमीटर फायबरमध्ये दीड, जोड आणि कनेक्टरमध्ये दोन. ३ − १७ − १.५ − २ म्हणजे घरी पोचले उणे १७.५ डीबीएम. नेहमीच्या ओएनटीची मर्यादा साधारण उणे २७ डीबीएम, म्हणजे प्रकृती ठणठणीत! कनेक्शन जोडायला आलेल्या माणसाकडे पॉवर मीटर असतो. आकडा विचारा आणि लिहून ठेवा. तो उणे २५ च्या खाली असेल तर कुठेतरी केबल वाकली आहे किंवा जोड खराब आहे. तेव्हाच दुरुस्त करून घ्या. आणि दाराच्या फटीत केबल चेमटवू नका. तांबे वाकते, काच रुसते!

४) जाहिरातीतले आकडे

१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हे. आठाने भागा, १२.५ मेगाबाइट. 'अनलिमिटेड'च्या खाली बारीक अक्षरात किती जीबीनंतर वेग कमी होतो आणि कमी म्हणजे किती, ते वाचा. अपलोडचा वेग वेगळा विचारा, कारण व्हिडिओ इंटरव्ह्यूत तोच कामी येतो. छापील दरावर १८ टक्के जीएसटी धरा. ५०० चा प्लॅन ५९० ला पडतो.

प्रोजेक्टसाठी घरच्या सर्व्हरला बाहेरून जोडायचे असेल तर आणखी एक गोष्ट. राउटरचा बाहेरचा आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर एकच पब्लिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे आणि पोर्ट उघडून उपयोग नाही. स्टॅटिक आयपी मिळेल का आणि कितीला, हे आधी विचारा.

५) पैसे आणि कागद

पहिला महिना एकाच महिन्याचे पैसे भरा. फ्री महिन्याच्या मोहात पडू नका. घरमालक आणि सोसायटी भोक पाडू देतात का ते बघा. डिपॉझिटची आणि परत दिलेल्या राउटरची पावती घ्या. पुन्हा घर बदलले तर कनेक्शन तिथे नेता येईल का, तेही विचारा. तक्रार केली की तिचा नंबर जपून ठेवा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार केंद्राकडून समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते, आणि तिथे हा नंबर लागतो.

आमच्या रूममेटला पुढे दुसरीकडे नोकरी लागली. आता तो घर बघायला गेला की नळाला पाणी किती वेळ असते हे विचारतो आणि लगेच गच्चीची किल्ली मागतो. घरमालक चक्रावतात. पण मित्रहो, भाड्याचा ॲडव्हान्स देण्याआधी तुम्हीही एकदा गच्चीवर जाऊन याच!