खोली किरायानं देणे आहे

बदलीच्या आदेशावर 'गडचिरोली' वाचलं तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही. आत्या तेवढी उठली आणि देवापुढे दिवा लावून आली. २००९ साल होतं. मी विट्याची, एका बँकेत नुकतीच अधिकारी झालेली, आणि आमच्याकडे गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा समजत. कराडला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसायचं, दुसऱ्या दिवशी नागपूरला उतरायचं, पुढे एसटीचे चार-पाच तास. दुबईतला माझा मावसभाऊ यापेक्षा कमी वेळात घरी पोचायचा.

तेव्हापासून गडचिरोली, आलापल्ली आणि चंद्रपूर मिळून पाच घरं किरायानं घेतली, सहावं विकत. मधली बरीच वर्षं कर्ज विभागात गेली, त्यामुळे दुसऱ्यांच्या घरांचे कागदही गठ्ठ्यांनी वाचले. भाची सध्या जर्मनीत, स्टुटगार्टला घर शोधते आहे. 'मावशी, तू तिकडे एकटीनं कसं केलंस गं?' असं तिनं फोनवर विचारलं. फोनवर मावेना, म्हणून लिहून काढलं.

१. 'भाडं' म्हणू नका

पहिला आठवडा मी 'भाड्यानं खोली आहे का?' विचारत हिंडले. लोकांना कळायचं, पण माझ्या तोंडातून पहिला शब्द पडला की मी बाहेरची हेही कळायचं आणि आकडा पाचशेनं वाढायचा. इथं किराया असतो, राहणारा किरायदार असतो. ओसरीला सपरी, मागच्या परसाला सांदवाडी, कौलांना कवेलू. हे शब्द तोंडात बसेपर्यंत घर बघायला सोबत कुणीतरी इथलं असू द्यावं. आमच्या शाखेतल्या शिपायानं शेवटी मला अडवलं. 'काहून फिरून राहिल्या मॅडम उन्हात? मले सांगाचं न!' संध्याकाळपर्यंत त्यानं तीन घरं दाखवली. तिन्हींवर पाटी नव्हती.

पाट्या कमी असण्याला कारण आहे. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. त्या दिवशी ते जिल्ह्याचं ठिकाण झालं. कार्यालयं आली, साहेब आले, घरं मात्र सावकाश उगवत राहिली. पुढे २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झालं आणि पोरंही खोल्या मागू लागली. रिकामी होणारी खोली पाटी लागायच्या आतच कुणाच्या तरी ओळखीनं गेलेली असते.

२. मुलाखत तुमची असते

आपण घर बघायला जातो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सपरीत खुर्ची टाकून, पाण्याचा गडू पुढे ठेवून मालकीणबाई आपल्याला बघत असतात. मिस्टर कुठं असतात? कधी येतील? आणखी कोण येईल? बदली कधी होईल? मग आडनावावरून गाव आणि गावावरून जात काढायचा तो जुना, आडवळणाचा खेळ. तो विट्यातही चालतो, त्यामुळे जंगलातल्या माणसांवर त्याचं खापर फोडणार नाही. दोन घरं मला या खेळात मिळाली नाहीत हेही लपवणार नाही.

मी पुढे एक युक्ती केली. विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकायचं: नवरा सांगलीला शिक्षक, दिवाळीत आणि मे महिन्यात येणार, मी नऊला बाहेर पडणार, सातला परत. बँक स्वतः मालकाशी करार करून दर महिन्याला किराया त्याच्या खात्यात टाकते, हे वाक्य सगळ्यात शेवटी, चहा आल्यावर. त्यावर बहुतेक चेहरे खुलायचे. एक-दोन मालक मात्र खात्यात पैसे नकोत म्हणून मागे सरले. कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

३. शब्दाला मान द्या, पण कागद करा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंद नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. बँकेतून ही कलमं मी इतरांना ऐकवत असे. स्वतःच्या दुसऱ्या घराला मात्र करार केला नाही, कारण तेव्हा बँकेच्या करारात बसत नव्हतं आणि मालक देवमाणूस होते. दीड वर्ष त्यांनी धानाच्या हंगामात नवा तांदूळ पाठवला. मग पुतण्याचं लग्न ठरलं आणि आठ दिवसांत खोली मोकळी करून द्यायला सांगितलं. कलम ५५ माझ्या बाजूनं होतं. पण ज्यांचा तांदूळ खाल्ला त्यांच्यावर कलम कसं लावणार? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामान भरलं आणि निघाले. सामान चढवायला तेच मालक होते.

४. घर मे महिन्यात बघा, तेही दुपारी तीनला

सगळ्यात महाग पडलेला धडा हाच. चंद्रपूरला आले ती डिसेंबरात. वरच्या मजल्याचं घर, पश्चिमेला मोठी गॅलरी, संध्याकाळचं कोवळं ऊन. मी हरखले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं की ते कोवळं ऊन नव्हतं, ते भट्टीचं दार होतं. चंद्रपुरात पारा ४७ अंशांच्या वर जातो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. रात्री अकराला भिंतीला हात लावला तर हात मागे यायचा. टाकी गच्चीवर उघड्यावर, त्यामुळे अंघोळीचं पाणी पहाटेच भरून ठेवायचं. मी दिवाणावर ओली चादर टाकून झोपायची आणि तासाभरात ती खडखडीत वाळायची.

तेव्हापासून घर बघताना पहिला प्रश्न कूलरचा. खिडकी त्याच्या मापाची आहे का, ती बाहेरच्या मोकळ्या हवेकडे उघडते की जिन्यात, खाली स्टँड ठेवायला जागा आहे का. समोरच्या भिंतीला हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर कूलर खोलीचं नुसतं दमट कोठार करतो. त्याला दिवसाला कित्येक बादल्या पाणी लागतं, म्हणून दुसरा प्रश्न बोअरचा: मेमध्ये आटतं का? हे मालकाला विचारू नका, खालच्या किरायदाराला विचारा. तिसरा प्रश्न वर कोण राहतं. वर कुणी राहत असेल तर हात जोडून ते घर घ्या. त्यांचा संसार म्हणजे तुमच्या डोक्यावरची छत्री. कवेलूचं जुनं घर मिळालं तर त्याहून उत्तम. माझ्या बदलीच्या वर्षांत मी तीन एसी हप्त्यांवर घेतलेली माणसं पाहिली, पण दुपारी झोप कवेलूखालीच लागते.

भाची सांगते, जर्मनीत भाड्याचे दोन आकडे असतात, एक थंड आणि एक गरम. घर तापवण्याचा खर्च धरला की गरम भाडं. मी म्हटलं, चंद्रपुरात हेच उलट करायला हवं.

५. आलापल्लीत दार बघा, आणि दाराबाहेरचा रस्ता

आलापल्लीचं घर माझं सगळ्यात आवडतं. दोन खोल्या, सपरी, सांदवाडीत पेरू. दारं-चौकटी सागवानाच्या, इतक्या जड की पावसाळ्यात फुगायच्या नाहीत आणि लोटताना आवाज करायच्या नाहीत. आलापल्लीच्याच जंगलातलं सागवान २०२३ साली बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं, तेव्हा मला आमचं ते मोरीचं दार आठवलं. मालकीणबाई माझ्याशी मराठी, मुलाशी तेलुगू आणि भाजीवालीशी माडिया बोलायच्या.

वानरं कवेलूंवरून धावतात आणि कवेलू फुटतात. दरवर्षी रोहिण्यांच्या आत ते फेरून घ्यावे लागतात. हा खर्च कुणाचा, हे आधी ठरवून घ्या. मी नाही ठरवलं, आणि पहिल्या पावसात तीन भांडी जमिनीवर मांडून बसले. दुसरं, घरात पंधरा दिवसांचा शिधा, मेणबत्त्या आणि औषधं हवीत. पुढे भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की तालुका तुटतो. तिथल्या सहकाऱ्यांच्या खोल्यांत किराणा आमच्यापेक्षा दुप्पट असायचा. त्यांना किराया कमी द्यावा लागायचा, हे ऐकून हेवा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

६. चंद्रपुरात खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवा

बोट काळं झालं तर वारा वीज केंद्राकडून किंवा खाणींकडून येतो आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात चंद्रपूर चौथं आलं होतं. वाळत घातलेले कपडे कुठे आहेत हेही बघा. बायका कपडे घरात वाळवत असतील तर आणखी काही विचारायची गरज नाही.

७. घर नंतर, आधी त्याखालची जमीन

विकत घ्यायचं ठरलं की माणसं टाइल्स बघतात. मी कर्जाची फाइल उघडली की आधी सातबारा किंवा आखीव पत्रिका बघायची, आणि कित्येकदा तिथंच थांबायची.

गडचिरोलीत पहिली अडचण आदिवासींच्या जमिनीची. महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ती बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्याआधी शासनाची मान्यता. तरी माणसं नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर पैसे मोजतात, वर घर बांधतात आणि मग कर्जाला येतात. असं घर कितीही देखणं असलं तरी कागदावर ते दुसऱ्याच्या शेतात उभं असतं. हा कायदा मला जाचक वाटत नाही. तो नसता तर धानोऱ्याच्या रस्त्याला जमीन कुणाकडे उरली असती, हे सांगायला नको. मेंढा (लेखा) या गावानं तर २०१३ मध्ये ग्रामदान करून सगळी जमीनच ग्रामसभेच्या नावे केली; तिथं प्लॉट विचारायला जाणारा दलाल अजून जन्माला यायचा आहे.

दुसरी अडचण फक्त पूर्व विदर्भाची: झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या खुरट्या झुडपांच्या जमिनींची जुन्या कागदांवरची ही नोंद. जागेवर शाळा असेल, वस्ती असेल, डांबरी रस्ता असेल, झुडूप औषधालाही नसेल, नोंद तशीच. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनजमीनच असल्याचं सांगितलं. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत दिल्या गेलेल्या जागांना दिलासा आहे, त्यानंतरच्यांची तपासणी. म्हणून सातबाऱ्यावर त्या दोन शब्दांसाठी डोळ्यांत तेल घालून बघा, आणि नुसता आजचा उतारा बघू नका, मागचे फेरफारही काढा.

चंद्रपूर शहरात नझूलचा, म्हणजे सरकारी जमिनीचा, पट्टा असेल तर त्याची मुदत आणि नूतनीकरण बघा. प्लॉट पाडलेले असतील तर अकृषिक आदेश आणि मंजूर नकाशा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. त्याची फी कुरकुर न करता द्या.

आणि जमिनीच्याही खाली काय आहे? २६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूरजवळच्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना हलवावं लागलं. हे कुठल्याच सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. ते म्हाताऱ्या खाणकामगारांना माहीत असतं, आणि त्यांना चहा पाजायला पैसे फारसे लागत नाहीत.

८. रात्रीही एकदा जाऊन या

फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात वाघानं एका कामगाराला मारलं आणि लगेच शेजारच्या दुर्गापुरात बिबट्यानं एका मुलाला. त्या आधी मी 'शहरात कशाला वाघ' असं म्हणायची. आता घर बघायला गेलं की मागची बाजू बघते: झुडपं, नाला, उकिरडा, मोकाट डुकरं-कुत्री. ती जिथं असतात तिथं बिबट्या येतो. गल्लीत दिवे लागतात का, हे दिवसा कळत नाही. परसातल्या संडासाचं घर तर मी दहा टक्के किराया कमी असला तरी घेतलं नसतं.

९. विकत घेताना पावसात उभं राहा

इरई नदीच्या पुरात चंद्रपूर २००६ आणि २०१३ साली बुडालं. बिनबा गेटकडच्या वस्त्या, रहमतनगर, नावं पाठ झाली आहेत. मी महापालिकेत जाऊन पूररेषा बघितल्या, निळी आणि लाल. माझं घर लाल रेषेच्या बाहेर होतं. तेवढ्यावर भागलं असतं, पण मागे एक नाला होता, आणि नाल्याला रेषा नसते.

म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये चांगला धो-धो पाऊस बघून छत्री घेऊन गेले. गल्लीत पोटरीभर पाणी. घर कोरडं, कारण जोतं साडेतीन फुटांचं. बांधणारे गवंडी शेजारीच राहत होते. म्हणाले, 'मालकानं दोनच फूट सांगितलं होतं मॅडम. मी ऐकलो नाही.' दिवाळीनंतर खरेदीखत झालं, फक्त माझ्या नावावर. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून महिलेच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली होती. नवऱ्याला हे कारण पटलं. खरं कारण वेगळं होतं, ते त्याला माहीत आहे.

पुढच्या जुलैत पाणी पुन्हा आलं. एक पायरी, दुसरी पायरी. तिसरीवर मी हातात बादली घेऊन उभी होते. कशासाठी, कोण जाणे. समोरच्या सपरीतून गवंडी ओरडले, 'झोपा मॅडम आता, येत नाही ते वर.' तरी मी चारपर्यंत तिथंच होते.