किनाऱ्यावरच्या गावाचं काम करताना

आमचं गाव दापोली-गुहागर पट्ट्यातलं. पुढे समुद्र, मागे खाडी, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या. ग्रामविकास मंडळाचं काम करताना जेटी, बंधारा, पाणी, पंचनामे असे सगळेच विषय अंगावर आले. त्यातून जे शिकलो, ते नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

१. बैठक मंडळाची, ठराव ग्रामसभेचा

देवळात बसून मंडळाने काहीही ठरवलं तरी सरकारदरबारी वजन असतं ते ग्रामसभेच्या ठरावाला. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला लहान आकडा गणपूर्तीला पुरतो. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे ‘जाऊन काय होणार’ म्हणत सगळे घरी बसले की दहा-बारा माणसं अख्ख्या गावाचा निर्णय घेऊ शकतात, तोही कायद्याला धरून.

२. बैठकीची तारीख दर्याला विचारून ठरवा

मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, म्हणून मोठे विषय तेव्हाच काढायची आपल्याला सवय. पण त्या दिवसांत होड्या समुद्रात असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा खारवीवाडीतली आणि मोहल्ल्यातली माणसं भेटतात. जेटीचं तोंड कुठल्या दिशेला हवं, पावसाळी लाट कुठे आपटते, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. आधी त्यांच्याशी बोला. मुंबईकरांची संमती गणपतीत घेता येते.

३. नकाशा कच्चा असतानाच तोंड उघडा

जानेवारी २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१पेक्षा जास्त वस्ती असेल तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर ‘ना विकास क्षेत्र’, इतरत्र २०० मीटर. आपल्या विरळ गावांत अख्खी वाडी या २०० मीटरांत येऊ शकते. प्रारूप नकाशावर जनसुनावणी होते, तेव्हा मासळी सुकवायची जागा, होड्या ओढायची वाट, पाखाडी, स्मशान हे सगळं त्यावर आहे का ते बोट ठेवून बघा. या जागा सगळ्यांना माहीत असतात, म्हणूनच त्या कोणी लिहून देत नाही. नकाशा अंतिम झाल्यावर ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथेच’ म्हणून भागत नाही.

४. बंधारा मागताना वाळूचा हिशेब मागा

किनारा खचायला लागला की पहिली मागणी धूप-प्रतिबंधक बंधाऱ्याची होते. घर वाचवायला काही ठिकाणी तो लागतोच. पण भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते आणि भिंत संपते तिथे शेजारच्या गावाची धूप वाढू शकते. म्हणून बैठकीला शेजारचं गाव बोलवा आणि अभियंत्याला विचारा: पाच वर्षांनी पुळण उरेल का? जिथे वाळूचे उंचवटे आणि मर्यादवेल अजून शाबूत आहेत, तिथे पार्किंगसाठी जेसीबी फिरू देऊ नका. तो बंधारा फुकटचा आहे.

५. वादळाची तयारी तलाठ्याकडे करा

३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या बागा आडव्या केल्या. झाडं उचलण्यापेक्षा कागद उचलणं कठीण गेलं. सातबारावर आजोबांचं नाव, खाली डझनभर वारस, त्यातले निम्मे मुंबईत, दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मग संमतीपत्रांसाठी भरपाई अडते. वारसनोंद करून घ्या. झाडांची नोंद पीकपाहणीत आहे का ते बघा. बागेचे आणि घराचे फोटो दरवर्षी पावसाआधी काढून ठेवा. भावकीतलं भांडण मिटेल तेव्हा मिटेल, नोंद मात्र आत्ता होऊ शकते.

६. पाहुण्यांचं पाणी आधी मोजा

जलजीवन मिशनच्या नळयोजनेत माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब असतो, तोही गावात राहणाऱ्या माणसांचा. डिसेंबरात आणि मे महिन्यात उतरणारे पाहुणे त्यात नसतात. किनाऱ्याजवळच्या विहिरींवर पंप लावून जास्त उपसा केला की गोड्या पाण्यात खारं शिरतं. लॉजला ना-हरकत देण्याआधी पाणी कुठून आणणार, मैला कुठे सोडणार, हे लेखी घ्या.

पर्यटनाला विरोध नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२पासून ऑलिव्ह रिडले कासवांचं काम गावकऱ्यांच्या साथीने उभं केलं, २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले. पैसा घराघरात गेला, म्हणून अंड्यांची राखण गावाची झाली. कुठलाही प्रकल्प आला की हीच कसोटी लावावी: उत्पन्न किती घरांत जाणार आणि त्रास किती घरांना होणार.

शेवटी एकच विनंती. येत्या ग्रामसभेला जा, इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा आणि आपण बोललेलं त्यात लिहिलं गेल्याशिवाय उठू नका.